बाबांची टोपी राखाडी का दिसते?

"ह्यांची टोपी राखाडी का दिसतीय रे? काळी होती ती."

आईच्या या एका वाक्यापायी माझी गेल्या वर्षीची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. मास्तर सुट्टीत झोपा काढतो असं लोकांना वाटतं. मी टीव्हीच्या मागे डोकं घालून बसलो होतो आणि बायको विचारत होती, फराळाची ताटली तिकडेच सरकवू का म्हणून.

आधी मांडामांड सांगतो. आम्ही सांगलीत राहतो, मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हॉलमध्ये ५० इंची फोर-के टीव्ही आहे. त्याच्यामागे पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला, जाडजूड पुस्तकाएवढा संगणक लपवलाय. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, साडेनऊ हजार रुपये. त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट आणि मिंटवर व्हिडिओ-फोटो दाखवणारं कोडी. घरात त्याला 'फोटोंचं मशीन' म्हणतात, कारण आईला जुने फोटो मोठे करून दाखवायचे हा तो विकत घेण्यामागचा अधिकृत बहाणा होता.

आणि टोपी? ती माझ्या लग्नातली. मे १९९४, मिरजेतलं कार्यालय, खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्या मागे हॅलोजन धरून घाम पुसणारा एक पोरगा. व्हीएचएस टेप तीन तासांची. २००९ च्या सुमारास एका स्टुडिओकडून तिची डीव्हीडी करून घेतली. पुढे भाच्याने कुठल्याशा फुकट सॉफ्टवेअरमधून त्या डीव्हीडीची 'एचडी' फाइल केली आणि पेन ड्राइव्हवर सगळ्या नातेवाइकांना वाटली. आम्ही बघत होतो ती ही फाइल. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई ८१ वर्षांची आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, आणि तिची नजर आता माझ्यापेक्षा चांगली आहे.

टोपी राखाडी दिसते म्हटल्यावर मी तेच केलं जे सगळे करतात. रिमोट घेतला, ब्राइटनेस कमी केला, कॉन्ट्रास्ट वाढवला. टोपी थोडी काळी झाली, आणि माझ्या मामांचे चेहरे काजळी फासल्यासारखे झाले. आई म्हणाली, "राहू दे, आधीचंच बरं होतं." हे वाक्य मला झोंबलं.

दोष टीव्हीत नव्हता, संगणकातही नव्हता. दोघांच्या मापात होता. देणारा पायलीने मोजून देतोय आणि घेणारा शेराचा हिशेब धरून बसलाय, मग धान्य कमी भरलं म्हणून भांडण, तसला प्रकार. टीव्हीच्या दुनियेत काळा म्हणजे ० नव्हे, १६, आणि पांढरा म्हणजे २५५ नव्हे, २३५. डिजिटल व्हिडिओचं जे मानक १९८२ मध्ये ठरलं त्यात ही खालची-वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवली, सिग्नल थोडा इकडेतिकडे उसळला तरी कापला जाऊ नये म्हणून. संगणकाला मात्र असली मोकळी जागा ठाऊकच नाही. त्याचा काळा शून्याला सुरू होतो आणि पांढरा २५५ ला संपतो.

आता संगणकाने टीव्हीच्या मापाने काळा म्हणून १६ पाठवला, आणि टीव्ही मात्र संगणकाच्या मापाने ऐकत असला, तर त्याच्या लेखी १६ म्हणजे गडद राखाडी. झाली बाबांची टोपी राखाडी. उलटं झालं तर आणखी वाईट: टीव्ही १६ च्या खालचं सगळं एकजात काळं करून टाकतो, मग टोपी, केस, काळा कोट आणि मागचा अंधार सगळं एकाच डांबरात बुडतं.

लिनक्समध्ये इंटेलच्या ड्रायव्हरला, म्हणजे पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, 'ब्रॉडकास्ट आरजीबी' नावाची एक खुंटी असते. ती 'ऑटोमॅटिक'वर असली की समोर टीव्हीच्या जातीचं रिझोल्यूशन दिसताच ड्रायव्हर आपणहून १६ ते २३५ पाठवायला लागतो. आणि टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' मी कधीतरी, काय करतोय हे न कळता, 'हाय' करून ठेवला होता. म्हणजे गुन्हेगार मीच. विंडोजवाल्यांना हीच खुंटी इंटेलच्या पॅनेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज' आणि एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' या नावाने सापडेल. टीव्हीकडे तर प्रत्येक कंपनीचं बारसं वेगळं. कुठे 'लो' आणि 'नॉर्मल', कुठे 'लो' आणि 'हाय', कुठे सरळ 'लिमिटेड' आणि 'फुल'. 'लो' म्हणजे १६ ते २३५, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

दोन्ही बाजू 'लिमिटेड' ठेवल्या तरी चालतं, पण मी दोन्ही 'फुल' केल्या. कारण असं, की प्लेअर व्हिडिओचे १६ ते २३५ ताणून ० ते २५५ करतो, डेस्कटॉपला तेच लागतात. मग ड्रायव्हरने ते पुन्हा आवळून १६ ते २३५ करायचे आणि टीव्हीने पुन्हा ताणायचे. दर वेळी राउंडिंग होतं, आणि संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या दिसायला लागतात. भाषांतर करायचंच तर एकदाच करावं.

नीट झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. 'एव्हीएस एचडी ७०९' नावाच्या फुकट चाचणी-चित्रांच्या संचात काळ्या पट्ट्यांचं एक चित्र आहे, प्रत्येक पट्टीखाली आकडा. १७ पासून पुढच्या पट्ट्या लुकलुकताना दिसायला हव्यात, १६ आणि त्याखालच्या नाही. रात्री साडेअकराला, ट्यूब बंद करून, मी टीव्हीला नाक लावून १७ ची पट्टी शोधत होतो. बायको पाणी प्यायला उठली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली. एकतीस वर्षं झाली लग्नाला, आता ती विचारत नाही.

सकाळी आईला दाखवलं. "हां. आता काळी." मी खूश. चहाचा घोट घेऊन ती पुढे म्हणाली, "पण हे एवढे जाड कधी होते रे?"

खरंच नव्हते. बाबा आयुष्यभर काटकुळे. इथे ते चक्क पैलवानासारखे दिसत होते, आणि नवरी तर विचारूच नका. (बायकोने ही फाइल आजवर दुसऱ्यांदा का बघितली नाही, त्याचाही उलगडा झाला.) जुनं चित्र चारास-तीन, नवा पडदा सोळास-नऊ. भाच्याने बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र आडवं ताणून भरलं होतं. त्यात प्रत्येक माणूस बरोबर एक तृतीयांशाने रुंद होतो. ताणलेलं परत आवळता येतं, कोडीत दोन बटणांचं काम आहे. पण आवळल्यावर दुसरंच काहीतरी नजरेत भरलं. कोणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात. जाडजाड, खडबडीत.

इथे मला थोडं मास्तरासारखं बोलावं लागेल. आपल्याकडचं व्हीएचएस पाल पद्धतीचं. त्यात सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या हप्त्यांत येतं: आधी विषम ओळी, मग सम ओळी. हे दोन अर्धे एकाच क्षणाचे नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुन्या डबा टीव्हीला तेच हवं होतं, तो ओळी तशाच एकाआड एक रंगवायचा. आताचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून ते अर्धे आधी सोडवून घ्यावे लागतात, त्याला डीइंटरलेसिंग म्हणतात. भाच्याच्या सॉफ्टवेअरने सोडवणं वगळलं आणि चित्र थेट मोठं करून १०८० ओळींचं केलं. सुरकुती न मोडता वरून इस्त्री फिरवली की ती कायमची बसते, तसे ते दात चित्रात बसले. आता कुठलाही साधा फिल्टर ते नीट काढू शकत नाही.

थोडक्यात, 'एचडी' फाइल टाकून मूळ डीव्हीडीकडे परत जायला हवं होतं.

डीव्हीडी सापडायला दीड दिवस गेला. ती निघाली कपाटात, लग्नाच्या शालूच्या घडीत, आमंत्रणपत्रिकेच्या बरोबर. पण वाचायला यंत्र कुठलं? घरात एकही डीव्हीडी ड्राइव्ह उरला नव्हता. कॉलेजच्या लॅबमधला, यूएसबीला लागणारा एक जुना ड्राइव्ह शिपायाने शोधून दिला. त्याने डिस्कवर दोन ठिकाणी नांगी टाकली, तिसऱ्या खेपेला सगळं उतरवून घेतलं. ज्यांच्या घरात असल्या डिस्क पडून आहेत त्यांना एवढंच सांगेन की आज उतरवा. जळवलेली डीव्हीडी म्हणजे काही ताम्रपट नव्हे.

आता खरी मजा. मूळ फाइल ७२० बाय ५७६, ओळी शाबूत, दोन्ही अर्धे शाबूत. एमपीव्ही या प्लेअरमध्ये लावली, 'बीडब्ल्यूडीआयएफ' नावाचा डीइंटरलेसर जोडला, दोन्ही अर्ध्यांचं एकेक पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० चित्रं मिळतील असा लावला. कंगवे गेले. पण वरातीतले बँडवाले अंगात आल्यासारखे थरथरायला लागले. ट्रंपेटवाल्याचा हात पुढे, मागे, पुढे, मागे. आई म्हणाली, "ह्यांना काय थंडी वाजतीय का? मे महिना होता."

अर्ध्यांचा क्रम उलटा होता. आधी कोणता अर्धा दाखवायचा, वरच्या ओळींचा की खालच्या, हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. डीव्ही या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पद्धतीने टेप उतरवली तर खालचा अर्धा आधी येतो, डीव्हीडी करताना बहुतेक जण वरचा आधी असं नोंदवतात. स्टुडिओवाल्याने उतरवलं एक आणि नोंदवलं दुसरं. म्हणून काळ दोन, एक, चार, तीन असा चालला होता. फिल्टरला 'नोंद काहीही असो, खालचा आधी धर' एवढं सांगितलं, आणि बँड असा सुरळीत वाजायला लागला की मीच दोन मिनिटं हातातलं काम सोडून बघत राहिलो. १९९४ मध्ये घरच्या व्हीसीआरवर जी हालचाल दिसली होती ती मध्ये पंधरा-सोळा वर्षं मी बघितलीच नव्हती, आणि काही हरवलंय हे लक्षातही आलं नव्हतं.

त्यात एक अडचण मात्र संगणकाची. सेकंदाला ५० चित्रं दाखवायची तर पडदाही ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलणारा हवा. माझा संगणक मुकाट्याने ६० वर होता, बहुतेकांचा असतो. नेहमीच्या व्हिडिओतली २५ चित्रं ६० मध्ये बसवायची म्हणजे एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा, अशी लंगडी घालावी लागते. कॅमेरा संथ फिरला की ती लंगडी दिसते. आई रोज संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तनं ऐकते, आणि कॅमेरा गर्दीवरून फिरायला लागला की ती डोळे मिटून घेते, हे मी कितीतरी दिवस बघत होतो. मला वाटायचं भक्तीने मिटते. विचारलं तर म्हणाली, "टोचतं रे डोळ्याला. आवाज येतोय ना, तेवढं बास."

आपल्याकडची टीव्हीसाठी चित्रित झालेली बरीचशी जुनी-नवी सामग्री २५ च्या हिशेबातली असते. म्हणून आता डेस्कटॉपच कायम ५० हर्ट्झवर ठेवलाय. सिनेमा २४ चा असला तर कोडीत व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे, तो 'ऑन स्टार्ट/स्टॉप' केला की कोडी स्वतः पडद्याचा वेग बदलतं आणि संपल्यावर परत आणतं. बदलताना पडदा दोन सेकंद काळा होतो. आई पहिल्यांदा म्हणाली, "गेली वाटतं लाइट." आता सवय झालीय. कीर्तन उघड्या डोळ्यांनी चालतं.

टीव्हीतला मोशन स्मूदिंगचा प्रकार, जो मधली चित्रं मनाने रचून घालतो, तो याच दुखण्यावरचं दुसरं औषध म्हणून विकला जातो. मी तो बंद केला. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, आणि या एका बाबतीत माझं आणि त्याचं जमतं. क्रिकेटला कोणाला तो आवडत असेल तर माझी हरकत नाही.

फोर-केचं थोडं. सहाव्या पिढीच्या इंटेलचा स्वतःचा एचडीएमआय १.४ पद्धतीचा, त्यातून फोर-के मिळतं ते सेकंदाला ३० चंच. माउस तुपात बुडवल्यासारखा चालतो. त्याच संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून ६० निघतात, पण त्याला साधी साडेतीनशेची केबल चालत नाही, आत चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर लागतो. मी आधी साडेतीनशेची घेतली, मग अकराशेचा घेतला, म्हणजे साडेचौदाशेला पडला. शिवाय टीव्हीत त्या विशिष्ट एचडीएमआय भोकासाठी वाढीव क्षमतेचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. त्याच फेरीत इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं. हे नुसतं नाव नाही, बऱ्याच टीव्हींवर त्याने रंगाचा पूर्ण तपशील दाखवणं सुरू होतं. नाव देण्याआधी निळ्यावर लाल अक्षरं वाचताना काने आणि वेलांट्या पसरून एकमेकांत जात होत्या, अनुस्वार तर गायबच. नाव दिल्यावर देवनागरी देवनागरीसारखी दिसायला लागली. आणि खरं सांगायचं तर आठ फुटांवरून, लग्नाच्या टेपसाठी, १०८० पी ५० वर ठेवलं असतं तरी आईला काही फरक पडला नसता. अकराशे रुपये माझ्या समाधानाचे.

(पैसे भरून बघायच्या ओटीटीसाठी मात्र लिनक्सचा ब्राउझर वापरू नका. चोरी होऊ नये म्हणून तिथे कुलूप असतं, आणि आपण कितीही पैसे भरले तरी आपल्याला धुरकट चित्रच मिळतं. त्यासाठी टीव्हीतलं अ‍ॅप बरं.)

ओव्हरस्कॅन हा माझा आवडता विषय आहे, वर्गातही मी कधीकधी त्यावर घसरतो. टीव्ही आलेलं चित्र चारही बाजूंनी थोडं कापतो आणि उरलेलं पडदाभर ताणतो. डबा टीव्हीच्या काळातली सवय, अजून जात नाही. यात संगणकाचा खालचा पट्टा अर्धा कापला जातो आणि प्रत्येक अक्षर पुन्हा मोजमाप होऊन मऊ पडतं. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं जे काही नाव असेल ते लावलं की कापणं थांबतं. मी ते अर्थात लावलं, आणि लग्न सुरू केलं.

"खाली हा कसला कचरा?"

चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळींची एक पट्टी वेडीवाकडी, सरकलेली, चकाकणारी. ती सगळ्या व्हीएचएसमध्ये असते. व्हीसीआरचा फिरणारा ड्रम टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो तिथला तो सांधा. डबा टीव्ही कडा कापायचा म्हणून तो कधी कोणाला दिसला नाही. जी सवय मी एवढ्या तोऱ्यात मोडून काढली, ती काहीतरी झाकण्यासाठीच होती. टीव्हीचं कापणं बंदच ठेवलं, पण या एका फाइलसाठी प्लेअरला खालच्या बारा ओळी कापायला सांगितल्या. दोन्ही बाजू राखल्या.

शार्पनेस शून्यावर आणला. काही टीव्हींवर शून्य म्हणजे मूळ, काहींवर मधला आकडा मूळ, त्याच्या खाली गेलात तर चित्र उगाच धूसर होतं. विजेच्या तारा आभाळावर दिसतील असं दृश्य लावा आणि तारेच्या शेजारी दुसरी पांढरी तार दिसेनाशी होईपर्यंत आकडा खाली आणा. इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन सगळं बंद. एचडीआर, म्हणजे जास्त लखलखीत उजेड दाखवायची सोय, माझ्या टीव्हीच्या खोक्यावर लिहिलंय, पडद्यात तेवढा उजेड नाही. तेही बंद.

आणि मग शालू. रंगाची चाचणी घ्यायला लोक हजारोंचं यंत्र आणतात. माझ्याकडे खरा कपडा होता. हिरवा शालू, लाल काठ, आईने स्वतः निवडलेला, आणि डीव्हीडी शोधताना नुकताच कपाटातून बाहेर आलेला. भाच्याच्या फाइलमध्ये तो शेवाळलेल्या विहिरीच्या रंगाचा होता आणि काठ नारिंगी. याचं कारण मला कळलं तेव्हा भाच्यावरचा राग गेला, कारण हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. जुन्या ५७६ ओळींच्या चित्रात रंग एका सूत्राने बांधलेले असतात आणि एचडीत दुसऱ्या. त्याने चित्राचा आकार एचडी केला, रंगांचं सूत्र जुनंच राहिलं. प्लेअरने १०८० ओळी बघितल्या आणि नव्या सूत्राने रंग सोडवले. तसं झालं की हिरवा काळवंडतो आणि लाल नारिंगीकडे झुकतो, अगदी जसं होत होतं तसंच. मूळ फाइलला प्लेअर आपोआप जुनं सूत्र लावतो.

तरीही हिरवा आता जरा जास्तच पेटला होता, पोपटासारखा. तो टीव्हीचा प्रताप. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून ठेवलेला 'व्हिव्हिड' मोड घरी आल्यावर कोणी काढत नाही. 'सिनेमा' लावला, रंगाचं तापमान 'वॉर्म २' केलं. बायको म्हणाली, "काविळीचा पेशंट दिसतोय." पहिल्या दिवशी तसंच वाटतं, कारण डोळे निळसर पांढऱ्याला सरावलेले असतात. पण आपल्या घरातली नेहमीची पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची असते, आणि व्हिडिओतला पांढराही त्याच हिशेबाचा ठरलेला आहे. ट्यूब लावून, टीव्हीवर कोरं पांढरं चित्र ठेवून, मी तिला मागच्या भिंतीशी ताडून बघायला सांगितलं. 'वॉर्म २' भिंतीशी जुळत होता, आधीचा मोड निळा दिसत होता. "बरं," ती म्हणाली. हे 'बरं' मान्य केल्याचं नव्हतं, विषय संपवायचं होतं. आठवड्याने तिनेच जुना मोड लागला तेव्हा "हे निळं काय झालंय" म्हणून हाक मारली.

एक गोष्ट केली आणि पुसून टाकली, तीही सांगतो. एआयने व्हिडिओ मोठा करणारं एक सॉफ्टवेअर होतं, दहा मिनिटांचा तुकडा रात्रभर चालवला. ५७६ ओळींच्या २१६० करायच्या म्हणजे पावणेचारपट, त्यात व्हीएचएसमध्ये मुळात तपशील डीव्हीडीच्या निम्माही नसतो. सकाळी बघितलं तर चित्र थक्क करणारं. फुलांच्या माळेतलं फूल न् फूल वेगळं. मी आईला हाक मारली. हळदीचा प्रसंग होता, माझी आत्या हसत हसत कॅमेऱ्याकडे बघते. आई पुढे वाकली.

"ही कोण?"

"आत्या."

"नाही." मग थोडं थांबून, "हिचे दात असे नव्हते."

ती बरोबर होती. टेपमध्ये आत्याचे दात नाहीतच, आहे एक पांढुरका ठिपका. यंत्राने तिथे कुठल्या तरी बाईचे सरळ, सुबक दात आणून बसवले होते. आत्याचा एक पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता. तो ठिपक्यात मला दिसायचा, कारण मला तो ठाऊक होता. फाइल पुसली. आता मी फक्त साधं 'स्प्लाइन' पद्धतीने मोठं करतो, जरा मऊ दिसतं, दिसू दे.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळं लावून आईला बसवलं. बायकोने शालू आणून टीव्हीच्या शेजारी खुर्चीच्या पाठीवर टाकला. व्हीएचएसचे रंग कडेला थोडे सांडतातच, काठाचा लाल हिरव्यात उतरला होता, पण हिरवा तो हिरवा होता. आईने आधी खुर्चीकडे बघितलं, मग पडद्याकडे, पुन्हा खुर्चीकडे, आणि काही बोलली नाही. मंगलाष्टकं झाली. बाबा अक्षता टाकून मागे सरकले, कॅमेरा त्यांच्यावर आला.

"थांबव इथं."

मी थांबवलं. व्हीसीआरवर असं थांबवलं की चित्र लटलटायचं, मधून पांढरी रेघ जायची. हे गप्प उभं राहिलं. ती उठून टीव्हीपाशी गेली, चष्मा वर केला, आणि चांगली मिनिटभर बघत राहिली.

"टोपी तिरकी घातलीय ह्यांनी," ती म्हणाली. "दिवसभर तशीच फिरले की काय? कोणी सांगितलंसुद्धा नाही."